वाड्यावरच्या लदिनीला पाच मिनिटांची साक्ष: आभार कसे मानावेत, श्रद्धा कशी सांगावी

मे महिना लागला की गोव्यात वाड्यावाड्यांवरच्या खुरसांना (क्रुसांना) चुना लागतो, झेंडूच्या माळा चढतात आणि संध्याकाळी लदीन, म्हणजे खुरसापुढची प्रार्थना-गीतं, होते. शेजारची हिंदू घरंही येतात. कोणी मेणबत्ती लावतं, कोणी मागे कुंपणाला टेकून उभं राहतं. लदीन संपते आणि यजमानाला कोणीतरी म्हणतं, "तू दोन शब्द बोल." इथे बहुतेकांची गाडी घसरते. काही जण "सर्वांचे आभार" एवढं पुटपुटून तीस सेकंदांत मोकळे होतात, तर काही वीस मिनिटं प्रवचन झोडतात आणि वाटायच्या चण्यांच्या टोपाभोवती मुलं रडकुंडीला येतात.

साक्ष म्हणजे आपल्यासाठी कोणी काय सोसलं ते सांगणं, त्या माणसाचे आभार मानणं, आणि ज्या ख्रिस्तावर आपला विश्वास आहे त्याने आपल्यासाठी जे सोसलं त्याचेही आभार मानणं. ऐकणाऱ्याने पुढे काय करावं हे साक्षीत येत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, बरा झालेला माणूस येशूबरोबर यायला निघतो. येशू त्याला परत पाठवतो: घरी जा, तुझ्या माणसांना सांग देवाने तुझ्यासाठी काय केलं. घरी, आपल्या माणसांना, आपल्यासाठी काय झालं ते, एवढीच त्याच्या कामाची हद्द. आभाराच्या टोकाला गरी (मासे धरायचा गळ) बांधली की शेजाऱ्याला ती लगेच दिसते. मासळीच्या गावात राहणाऱ्यांना गरी ओळखायला शिकवावं लागत नाही.

सात दिवसांची वही

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. शंभर पानी वहीत तीन रकाने आखा: आज काय मिळालं, त्यासाठी कोणाला झळ बसली, मी ते त्याला बोलून दाखवलं का. रोज रात्री जेवणानंतर फक्त एक नोंद करायची. "आरोग्य मिळालं, देवाची कृपा" अशी मोघम नोंद चालणार नाही. पहिला दिवस हमखास तसाच जातो. दुसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचंच असं ठरवलं की नोंदी बदलतात: सकाळी सहाला पाव घेऊन आलेला पोदेर, त्यासाठी तो किती वाजता उठला; ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली सासू; घराचं छप्पर घालायला बोटीवर दहा-दहा महिने काढलेला तारवटी बाप.

तिसऱ्या रकान्यात बहुतेक दिवशी "नाही" येतं. यायचंच. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला, तोही परका, शोमरोनी. उरलेले नऊ काही दुष्ट नव्हते, ते आपल्या वाटेने घरी गेले, बस.

सात दिवसांनी सातातली एकच नोंद निवडा. दोन निवडल्या की वेळ हाताबाहेर जातो. निवडीची कसोटी अशी: ज्याला झळ बसली त्याचं नुकसान एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तो त्याग नसून साधी मदत आहे. मदतीचे आभार जरूर माना, पण पाच मिनिटं त्यावर उभी राहत नाहीत.

आधी त्या माणसाकडे जा

ही पायरी गाळली तर बाकीची तयारी पोकळ ठरते. जिचे आभार चारचौघांत मानणार, त्या व्यक्तीला आधी घरी जाऊन भेटा. फोनवर नको. "काकी, त्या वर्षी तुम्ही आमच्यासाठी असं केलंत, मी कधी बोललो नाही. देव बरें करूं." घरात बोलणं मराठीत चालत असलं तरी हे दोन-तीन कोंकणी शब्द इथे मनात थेट उतरतात. गोव्यात 'धन्यवाद' सभेत म्हणतात आणि 'देव बरें करूं' माणसाला म्हणतात. त्यात आभार आहेत आणि आशीर्वादही आहे: मला फेडता येणार नाही, देव तुझं भलं करो.

मग परवानगी मागा: "लदिनीला हे सांगितलं तर चालेल?" काही जण नको म्हणतात. पैशाची अडचण, घरातलं भांडण, दारू, आजार यातलं काही त्यात गुंतलेलं असेल तर नकार अगदी रास्त आहे. तेव्हा दुसरी नोंद घ्या. नाव न घेता तीच गोष्ट सांगण्याचा आडमार्ग वाड्यावर चालत नाही, अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळतं.

माणूस हयात नसेल तर त्याच्या नावाने मिस्सा (चर्चमधली उपासना) लावा किंवा कबरीवर जाऊन या. २ नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही.

लिहून काढणं

बोलताना आपण मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो. पाच मिनिटं म्हणजे साडेपाचशे शब्द, वहीची दोन-अडीच पानं. वेळ अशी वाटा: पहिलं अर्धं मिनिट आपण कोण आणि आज काय आहे, पुढची दोन मिनिटं घडलेली गोष्ट, एक मिनिट त्या माणसाला काय मोजावं लागलं, एक मिनिट ख्रिस्त, शेवटचं अर्धं मिनिट आभार आणि थांबणं. थांबण्यालाही वेळ राखून ठेवावा लागतो, नाहीतर "आणखी एक सांगायचं म्हणजे" सुरू होतं.

सगळ्यात अवघड सांधा आहे तिसऱ्या आणि चौथ्या भागामधला, म्हणजे माणसाच्या त्यागावरून ख्रिस्ताच्या त्यागावर जाणं. हा सांधा नीट बसला नाही की ऐकणाऱ्याला वाटतं, बापाची गोष्ट नुसती शिडी म्हणून वापरली. असा बिघडतो तो:

"माझ्या बाबांनी माझ्यासाठी खूप कष्ट केले. पण येशूने त्याहून मोठा त्याग केला. म्हणून आपण सर्वांनी त्याच्याकडे वळलं पाहिजे."

यात तीन चुका आहेत. 'खूप कष्ट' म्हणजे काहीच न सांगणं. 'पण त्याहून मोठा' म्हणताना बाप छोटा झाला, आणि तो समोरच्या खुर्चीत बसलाय. 'आपण सर्वांनी' म्हटल्याबरोबर कुंपणापाशी उभा असलेला शेजारी अवघडला. आता तीच गोष्ट अशी:

"बाबा बोटीवर होते. माझ्या पहिल्या कम्युनियनला ते नव्हते, दहावीच्या निकालाला नव्हते, आजी गेली तेव्हाही नव्हते. मी त्यांच्यावर रुसायचे. त्यांच्या पेटीत मला माझाच एक फोटो मिळाला, कडा झिजून गोल झालेला. तो त्यांनी किती वेळा हातात घेतला असेल ते त्या कडांवरून कळलं. बाबा, देव बरें करूं. बाबांनी हे आपल्या लेकीसाठी केलं. मी ज्याला प्रभू मानते त्याने हे अशा माणसांसाठी केलं जे त्याचे कोणी नव्हते, जे त्याच्याशी वाकडे होते. मीही त्यातलीच. हे मला अजून पुरतं समजलेलं नाही, पण मी त्याची आभारी आहे."

सांध्याचा खिळा पौलाच्या रोमकरांस पत्रातला आहे, अध्याय ५, ओवी ७ आणि ८: चांगल्या माणसासाठी कोणी मरायला तयार होईलही, पण आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला. म्हणजे 'लहान-मोठा' अशी तुलना करायची नाही, 'कोणासाठी' एवढाच फरक दाखवायचा. बापाचा त्याग आहे तेवढाच उभा राहतो आणि ख्रिस्ताचा वेगळा दिसतो. झिजलेल्या कडांच्या फोटोसारखी, हातात धरता येईल अशी एक वस्तू प्रत्येक साक्षीत असावी. दोन नकोत.

संताचं उदाहरण घ्यायचं असेल तर गोव्याला लांब जायला नको. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण तिथल्या डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. १७११ साली कँडीत वारले, गोव्याला परतले नाहीत. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. एवढं सगळं सांगत बसू नका. त्यातला एकच धागा घ्या, उदाहरणार्थ कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते आणि हे त्यांची शुश्रूषा करत राहिले. सनावळी सुरू झाली की साक्षीचा निबंध होतो.

आजारातून उठल्याची साक्ष देणाऱ्यांना एक कडक सूचना: उपचार गाळू नका. डॉक्टर, औषधं, रक्त देणारे, रात्री रुग्णालयात थांबलेला भाऊ, सगळ्यांचा उल्लेख करा आणि मग देवाचे आभार माना. "प्रार्थनेने बरा झालो, तुम्हीही या" हे वाक्य खोटं तर आहेच, शिवाय ऐकून कोणी गोळ्या बंद केल्या तर पाप आपल्या माथी. तसंच जुन्या वाईट सवयी रंगवून सांगायचा मोहही टाळा. ऐकायला मजा येते, पण लोकांच्या लक्षात दारूच राहते.

कानाला वेगळे लागणारे शब्द

देवळात-चर्चमध्ये आपण जे शब्द सहज वापरतो ते बाहेरच्या मराठी कानाला भलतंच काही सांगतात. कागदावर लिहून झालं की हे शब्द शोधून काढा.

'तारण' हा त्यातला पहिला. बँकेत कर्ज घेतलेल्या कोणालाही विचारा, तारण म्हणजे गहाण ठेवलेलं घर किंवा दागिने. "मला तारण मिळालं" ऐकून माणूस गोंधळतो. "त्याने मला सोडवलं" किंवा "वाचवलं" म्हणा. 'बळी' म्हटलं की कोंबडा-बकरा डोळ्यासमोर येतो, आणि 'बलिदान' म्हटलं की सीमेवरचा जवान किंवा गोवा मुक्तीतला हुतात्मा. बलिदान चालेल, पण लगेच साध्या वाक्यात उलगडा: "त्याने आपला जीव दिला." 'साक्ष' म्हणजे कोर्ट, म्हणून सुरुवातीला "मी साक्ष देणार आहे" म्हणायची गरज नाही, सरळ बोलायला लागा. 'वधस्तंभ' पुस्तकी वाटतो. क्रूस म्हणा, गोव्यात खुरीस तर प्रत्येक वळणावर उभा आहे.

बायबलमधली मेंढरं आणि कळपही इथे फारसे लागू पडत नाहीत. मीठ लागू पडतं, पेडण्यापासून सासष्टीपर्यंत मिठागरं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. योहानाच्या बाराव्या अध्यायातला, जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक न देणारा गव्हाचा दाणा सांगायचा असेल तर गहू म्हणून वाचा आणि भातावर समजवा. खाजन (खाडीकाठच्या) शेतात कोरगुट भात पेरणाऱ्याला बी मातीत जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

भाषेचीही एक गंमत आहे. इथली कितीतरी हिंदू घरं बोलतात कोंकणीत, पण भजन, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत. त्यामुळे मराठीत उभं राहून देवाविषयी बोललं की ऐकणाऱ्याचा कान आपोआप कीर्तन ऐकायच्या बेतात येतो. हा फायदा जुना आहे. इंग्रज जेज्वीत (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांसाठी मराठी ओव्यांत बांधली आणि ते पुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. तोटा असा की कीर्तनी मराठी तोंडात आली की माणूस स्वतःचं बोलणं विसरतो. गोष्ट घरच्या बोलीत सांगा, वचन मराठीत वाचा.

गाण्यांचा कागद वाटणार असाल तर लिपी बघा. कॅथलिकांची कोंकणी प्रार्थना रोमी लिपीत असते, आणि देवनागरी वाचणाऱ्या शेजाऱ्याला ती हातात धरून नुसतं उभं राहावं लागतं. तेच शब्द देवनागरीत उतरवा, अक्षर १६ पॉइंटचं, ए-फोर कागद मधोमध दुमडून, पंचवीस माणसांना तीस प्रती. एकच गीत, दोन कडवी पुरतात.

संध्याकाळ आणि चणे

लदीन म्हणणाऱ्या मेस्ताला आधी सांगून ठेवा की शेवटच्या गीतानंतर पाच मिनिटं हवीत. मे महिन्यात त्याला त्याच संध्याकाळी दुसऱ्या वाड्यावरही जायचं असू शकतं. साताला सुरू केली तर सव्वाआठला सगळं आटोपावं. अंगणात पंचवीस माणसांना माइक लागत नाही, आणि लावलाच तर रात्री दहानंतर कायद्याने बंद. बोलताना खुरसाच्या पायरीवर चढू नका. बाजूला, लोकांच्याच पातळीवर उभे राहा. मेणबत्त्यांना काचेच्या चिमण्या लावा. मेमधला संध्याकाळचा वारा तिसऱ्या मिनिटाला त्या विझवतो आणि सगळ्यांचं लक्ष काडेपेटीकडे जातं.

पंचवीस माणसांना दीड किलो गावठी चणे. आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, आठ ते दहा तास, आणि सकाळी लगेच उपसा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत पाण्यात राहिले तर फेस येऊन आंबतात. पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी अर्धाच किलो (कोरडे मोजलेले) घाला, म्हणजे तीन खेपा. कुकर निम्म्याहून जास्त भरला तर चण्याची सालं वाफेच्या नळीत अडकतात. दर खेपेला चमचाभर मीठ, सहा-सात शिट्ट्या. दोन नारळांचे पातळ काप करा, पण गरम चण्यांत घालून टोप झाकू नका, संध्याकाळपर्यंत खोबरं आंबूस होतं. चणे पूर्ण निवल्यावर, वाटायच्या तास-दोन तास आधीच घाला. कांदा-लसूण नको. सोमवार पाळणारे, श्रावण पाळणारे, सगळ्यांना निर्धास्त घेता आलं पाहिजे. फेणी असेल तर ती पाहुणे गेल्यावर.

लदीन नसेल तर ऑगस्टमधलं कणसांचं फेस्त (सण) हा दुसरा चांगला मुहूर्त. राय गावात ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला नव्या भाताची कणसं आशीर्वादित होतात. हिंदू घरांतही त्याच सुमारास नव्याची कणसं दारावर बांधली जातात. आलेल्या पिकाचे आभार दोन्ही घरांना सारखेच समजतात, प्रस्तावना लागत नाही.

एक गोष्ट त्या संध्याकाळी मुळीच करू नका: पाकिटं, रेशनच्या पिशव्या, शाळेच्या वह्या वाटणं. दान करायचं तर वेगळ्या दिवशी, गुपचूप. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. साक्ष आणि देणगी एकाच अंगणात आल्या की हेतू कितीही साफ असला तरी ते आमिषासारखं दिसतं. शेजाऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची तर आईवडिलांना विचारून, आणि पाहुण्यांचे फोटो समूहांवर टाकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी

बोलून झालं की विषय आपण काढायचा नाही. कोणी विचारलंच तर पेत्राच्या पहिल्या पत्रातला सल्ला कामाचा आहे, अध्याय ३, ओवी १५: उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. दोन वाक्यांत सांगा आणि त्याला पुढे बोलू द्या. येत नसेल तर "फादरना विचारून सांगते" म्हणा आणि खरंच विचारा. वाचायला काही मागितलं तर अख्खं बायबल हातात कोंबू नका. मार्काचं शुभवर्तमान मराठीत सुटं मिळतं, सोळा अध्याय, रोज एक वाचला तर सोळा दिवस.

कोणी मिस्साला येतो म्हणाला तर एक गोष्ट घरीच सांगून ठेवा. कम्युनियनची, म्हणजे आशीर्वादित भाकर घ्यायची, रांग लागली की हिंदू पाहुणा प्रसाद समजून सहज उठतो आणि हात पुढे करतो. त्या क्षणी अडवलं तर त्याला अपमान वाटतो. आधीच सांगा: "तो आमच्यात दीक्षा घेतलेल्यांनीच घ्यायचा असतो, तुम्ही बसून राहा, मीही परत येऊन तुमच्याजवळच बसते." हेही सांगा की त्या विधीचं मूळ ग्रीक नाव 'युखारिस्तिया', म्हणजे आभार मानणं. येशूने भाकर मोडायच्या आधी आभार मानले होते.

चणे उरले तर रात्री फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी द्या. नाताळात कुसवाराचं (फराळाचं) ताट गेलेलं असतं, तसंच हेही जाईल. भांडं रिकामं परत येणार नाही, चवथीला त्यातून नेवऱ्या (करंज्या) येतील. देवापुढे ठेवलेलं खायला मन घेत नसेल तर ते दारातच, तोंडावर नाकारू नका. गणपती बसायच्या आधी जाऊन सांगा, "वहिनी, आमच्यासाठी नैवेद्याच्या आधीच्या नेवऱ्या बाजूला काढून ठेवाल का?" वहिनी ठेवतात, आणि बहुतेक वेळा चार जास्तच ठेवतात.